ओळ सापडली, पण लीळा कुठे?

फाईलमध्ये शब्द शोधणं सोपं आहे. पण नुसती ओळ हाती लागली, तर तिचा अर्थ लागतोच असं नाही. या अडचणीला दोन इतिहास आहेत. एक अमेरिकेतला, पन्नासेक वर्षांचा. दुसरा आपल्या विदर्भातला, सातशे वर्षांचा.

आधी धाकटा. १९७३च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहॉन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' या जुन्या निबंधांतला कुठला कोणी लिहिला, हे शोधायचं होतं. मजकूर 'ईडी' नावाच्या एडिटरमध्ये (आजची ईडी वेगळी!) मावेना. मग केन टॉमसन यांनी 'ग्रेप' ही स्वतंत्र आज्ञा करून दिली. ती शब्द असलेली ओळ छापते. फक्त ओळ.

आता थोरला. १३व्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या. एकेक प्रसंग म्हणजे एकेक लीळा. पुढे केसोबासांनी स्वामींची वचनं वेचून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. पाठांतराला उत्तम, पण हे वचन कोणाला उद्देशून, कुठल्या निमित्ताने? ते सांगायला महानुभाव पंथात 'प्रकरणवश' हा वेगळा ग्रंथप्रकार झाला. म्हणजे वेचलेली ओळ परत तिच्या प्रसंगात नेऊन बसवायची!

संगणकातलं प्रकरणवश म्हणजे १९७७ची 'ऑक'. तिचा 'रेकॉर्ड सेपरेटर' रिकामा ठेवला, की दोन रिकाम्या ओळींमधला सगळा परिच्छेद ती एक नोंद मानते. पर्लमध्ये उणे चिन्ह आणि दोन शून्यं दिली की तेच काम होतं.

आमच्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली निघालं. समजा, असा ग्रंथ लीळांमध्ये एकेक ओळ मोकळी सोडून टाईप केला. 'बाइसा' एका ओळीत आणि 'पैठण' चार ओळी खाली असेल, तर दोन्ही शब्द एकत्र मागितल्यावर ग्रेप रिकाम्या हाताने येईल. ऑक अख्खी लीळा आणून देईल.

असो. संतांची एकेकटी वचनं मोबाईलवर फिरताना आपण रोज बघतोच. निदान आपल्या घरातलं तरी सांभाळू. आजोबांच्या डायऱ्या कोणी टाईप करत असाल, तर दोन नोंदींमध्ये एक ओळ रिकामी सोडा. नातवंडांना ओळीबरोबर तो दिवसही सापडेल.