मॉर्मन वाद आणि आपला पुणे जिल्हा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील जुन्या प्रॉटेस्टंट कुटुंबांचा इतिहास पाहू लागले की ऑस्ट्रेलियाचे नाव हटकून पुढे येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या ऑस्ट्रेलियातील मंडळ्यांनी बारामतीस आपले ठाणे केले. स्ट्रटन दांपत्याचे नाव त्या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे इंदापूर, दौंड, श्रीगोंदे असा कार्याचा विस्तार झाला. 'गुन्हेगार जमात' असा क्रूर शिक्का ज्यांच्या कपाळी मारला गेला होता, त्यांच्या बारामती येथील वसाहतीचा कारभारही इंग्रज सरकारने याच मिशनच्या हाती दिला होता. एवढे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या पंथाचे मूळ अमेरिकेत आहे आणि मॉर्मन पंथाशी अगदी आरंभीच ज्यांचे वाजले, त्यांत त्याचे आद्य प्रवर्तक होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या कानावर नसावी.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या नव्या वस्त्यांत पंथोपपंथांची इतकी गर्दी झाली होती की, साधा श्रद्धाळू माणूस गोंधळून जावा. यावर अलेक्झांडर कॅम्पबेल यांनी उपाय सांगितला : माणसांनी रचलेल्या मतसंहिता बाजूला ठेवाव्यात आणि केवळ नव्या करारातील आद्य ख्रिस्तसभेकडे परतावे. जोसेफ स्मिथ यांनाही आद्य ख्रिस्तसभाच पुन्हा उभारावयाची होती. मात्र त्यासाठी आपणांस देवाकडून नवे प्रकटीकरण लाभले आहे, असा त्यांचा दावा होता. १८३० साली त्यांनी 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला आणि आपला पंथ स्थापिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅम्पबेल यांच्या चळवळीतील नामांकित उपदेशक सिडनी रिग्डन स्मिथ यांना जाऊन मिळाले आणि त्यांच्यामागोमाग ओहायोतील अनेक अनुयायीही गेले. घरातलाच माणूस फुटला, मग कॅम्पबेल गप्प कसे बसतील? १८३१ च्या फेब्रुवारीत आपल्या मासिकात त्यांनी त्या ग्रंथावर कठोर टीका केली. प्राचीन म्हणविणाऱ्या या ग्रंथात गेल्या दहा वर्षांत न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या झाडून साऱ्या वादांचा निकाल कसा काय लागतो, हा त्यांचा प्रश्न आजही मार्मिक वाटतो.

आम्हां कॅथोलिकांना येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. खरी ख्रिस्तसभा मधल्या शतकांत हरवली होती, हे दोघांनीही गृहीतच धरले होते. भांडण होते ते ती परत कशी मिळवावी याचे.

कॅम्पबेल यांनी लेखणी वापरली. इतरांनी बंदुका उचलल्या. मॉर्मन लोक एकगठ्ठा मतदान करतात, जमिनी घेतात, आपले वेगळे राज्य उभारतील, ही शेजाऱ्यांची भीती धर्मद्वेषात मिसळली. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरांनी त्यांना एकतर हाकलून द्यावे अथवा नष्ट करावे, असा हुकूम काढला. पुढे इलिनॉयमध्ये स्मिथ हे नगराध्यक्ष, तेथील फौजेचे सेनापती आणि १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारही झाले. धर्मपीठ आणि सत्तापीठ यांची ही सरमिसळ आम्हांस मुळीच रुचत नाही. तथापि त्याच वर्षी २७ जून रोजी तुरुंगात असताना जमावाने त्यांची केलेली हत्या ही हत्याच होय.

यूटाच्या वाळवंटात जाऊन वसल्यावर १८५२ च्या ऑगस्टमध्ये पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला. नेमक्या त्याच सुमारास ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईस उतरले. वृत्तपत्रे आणि पाद्री यांनी तेथे त्यांना सळो की पळो केले, तेव्हा ते पुण्यास आले. पुण्यात छावणीच्या हद्दीत प्रचार करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्यांनी चिकाटीने मराठीचा अभ्यास केला, मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही लिहिली. वर्षभरात डझनभर माणसांची मंडळी जमली. १८५५ मध्ये ते परतले आणि ती मंडळी इतिहासजमा झाली. फिंडले यांचे म्हणणे चुकीचे होते, हे धर्मशास्त्राने दाखवावयाचे होते. ते काम छावणीच्या हुकमावर सोपविले गेले.

अमेरिकेत तर हे काम कायद्यावरच सोपविले गेले. १८७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुपत्नीत्वाचा मॉर्मन दावा फेटाळताना आपल्याकडील सतीचा दाखला दिला : श्रद्धा मुक्त आहे, कृती नाही. पुढे आयडाहो प्रांताने, आपण असल्या पंथाचे सभासद नाही अशी शपथ मतदारांस घालावयास लावली. १८९० च्या 'डेव्हिस विरुद्ध बीसन' खटल्यात हेही मान्य झाले. म्हणजे ज्या मॉर्मनाने एकच बायको केली होती, त्याचेही मत केवळ पंथामुळे गेले! त्याच वर्षी पंथाने बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर केले आणि १८९६ मध्ये यूटास राज्याचा दर्जा मिळाला.

हा 'डेव्हिस' खटला पुढे समुद्र ओलांडून मुंबईस आला. १९४६ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली होती. त्यास आव्हान देणाऱ्या नरसू आप्पा माळी प्रकरणी, १९५१ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी श्रद्धा आणि आचरण यांतील भेद सांगताना याच मॉर्मन खटल्याचा आधार घेतला. निकाल योग्यच होता, असे आम्हांस वाटते. पण हा भेद फार ताणला तर मिस्सा, मिरवणूक, उपवास ही सारी नुसती 'आचरणे' ठरतील. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'डेव्हिस' मधील धर्माची व्याख्या अपुरी ठरविली. लगोलग रतिलाल गांधी प्रकरणात, मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यासंबंधी निकाल देताना, श्रद्धेपोटी केलेले आचरण हाही धर्माचाच भाग होय असे सांगितले आणि त्या कायद्यातील काही कलमे रद्द केली. आपल्या धर्मग्रामांच्या मालमत्ताही याच कायद्याखाली नोंदलेल्या असतात, म्हणून हा निकाल आपल्या घरचा आहे.

मूळ धार्मिक प्रश्नाचा निवाडा रोमने केला तो ५ जून २००१ रोजी. मॉर्मन लोक पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे शब्द उच्चारतात खरे, परंतु त्यांच्या मते ते एकाच तत्त्वाचे नसून तीन स्वतंत्र देव आहेत. यास्तव श्रद्धासिद्धांत मंडळाने, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या स्वाक्षरीने, त्यांचा बाप्तिस्मा वैध नाही असे जाहीर केले. त्यामुळे कॅथोलिक मुलीला मॉर्मन मुलाशी विवाह करावयाचा झाल्यास तो अबाप्तिस्मित व्यक्तीशी विवाह ठरतो आणि महागुरुस्वामींची सूट लागते. बारामतीच्या मंडळीतील, त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेला मुलगा असेल तर मात्र परवानगी पुरते, आणि पुढे तो कॅथोलिक झाला तरी त्याला पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही.