नोटा, भिंती आणि धाकटी अक्षरे

वाचकहो, तुमच्या घरात किंवा आळीत उपयोजित कला, म्हणजे आपण ज्याला कमर्शियल आर्ट म्हणत आलो ती, शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. त्याचे काम म्हणजे नक्की काय, हे घरच्या वडीलधाऱ्यांना काही केल्या कळत नाही. आज साबणाच्या वेष्टनाचे चित्र, उद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, परवा दुकानाची पाटी, आणि तेरवा घरातल्याच भिंतीवर भले मोठे निळे वर्तुळ! "अरे, एक काहीतरी धड कर की," असे आजोबा म्हणतात. त्यांचेही काही चुकत नाही. पण धड एक काही न करणाऱ्या अशाच एका विद्यार्थ्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. विद्यार्थिदशेत त्याने जी कामे केली त्यांत सरकारी नोटाही होत्या. खऱ्या, बाजारात चालणाऱ्या नोटा, बरं का!

त्याचे नाव हर्बर्ट बायर. जन्म १९०० सालचा, ऑस्ट्रियातल्या हाग नावाच्या गावचा. वडील तो सतरा वर्षांचा असताना वारले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काही काळ सैन्यात गेला. शांतता झाल्यावर लिंट्स शहरात एका वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली उमेदवारी केली, तिथून जर्मनीतल्या डार्मस्टाटला गेला, आणि १९२१ साली वायमार येथील 'बाउहाउस' या शाळेत दाखल झाला. वाल्टर ग्रोपिअस यांनी ही शाळा १९१९ साली काढली होती. चित्रकार वेगळा, सुतार वेगळा, गवंडी वेगळा ही वाटणी मोडायची आणि सगळ्यांनी मिळून घर उभे करायचे, असा त्यांचा विचार. म्हणून तिथे वर्ग नव्हते, कार्यशाळा होत्या. विणकाम, सुतारकाम, धातुकाम, कुंभारकाम असे ज्याला जे हवे ते. बायरने धरली भिंती रंगविण्याची कार्यशाळा.

ती पुढे वासिली कांडिन्स्की यांच्याकडे आली. रशियातून आलेला हा मोठा चित्रकार. रंग आणि आकार यांचे काही आतले नाते असते अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती तपासण्यासाठी त्यांनी शाळेत एक प्रश्नपत्रिकाच फिरवली : त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांत पिवळा, तांबडा आणि निळा हे तीन रंग भरा पाहू! कांडिन्स्कींचे स्वतःचे उत्तर ठरलेले होते. पिवळा त्रिकोण, तांबडा चौकोन, निळे वर्तुळ. हे खरे की नुसती आवड, याचा वाद आजही घालता येईल. पण बायरने वाद घातला नाही. १९२३ साली शाळेच्या इमारतीतला मागचा जिना त्याच्या वाट्याला आला तेव्हा त्याने तळमजल्यावर निळे वर्तुळ, पहिल्या मजल्यावर तांबडा चौकोन आणि दुसऱ्यावर पिवळा त्रिकोण मांडून मोकळा झाला. आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे अडाण्यालाही कळावे. माझ्या मते या जिन्यातच पुढचा सारा बायर दिसतो : गुरूचे तत्त्वज्ञान घ्यायचे आणि त्याची पाटी करून टाकायची.

हा जिना रंगवायचे कारण होते प्रदर्शन. शाळा चालत होती थुरिंगिया राज्याच्या पैशावर, आणि सरकारचे म्हणणे असे की, चार वर्षे झाली, आता काय शिकवता ते दाखवा. रास्तच होते ते. १५ ऑगस्ट १९२३ रोजी प्रदर्शन उघडले. त्यानिमित्त निघालेल्या जाडजूड पुस्तकाची आतली मांडणी मोहोली-नॉज या शिक्षकांनी केली, पण मुखपृष्ठ मात्र विद्यार्थी बायरचे. काळ्या पार्श्वभूमीवर तांबडी आणि निळी, ठसठशीत, जाड अक्षरे. चित्र एकही नाही.

आता नोटांकडे येऊ. १९२३ हे साल जर्मनीला कसे गेले ते आपल्याला महागाईची सवय असूनही कल्पनेत आणणे कठीण आहे. युद्धाचे कर्ज होते, त्यावर नुकसानभरपाईचा बोजा पडला. जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला, त्यांना पगार देण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, आणि छापतच राहिले. १९१४ साली एका डॉलरला चार मार्क आणि वर थोडे पडत. १९२३ च्या ऑगस्टात सरासरी सेहेचाळीस लाख पडू लागले! पगार रोजच्या रोज होत आणि हातात पडताच माणसे दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत पावाची किंमत कुठे जाईल याचा नेम नसे. मध्यवर्ती बँकेच्या नोटा पुरेनात म्हणून राज्ये, नगरपालिका, इतकेच काय कारखानेसुद्धा आपापल्या तातडीच्या नोटा काढू लागले.

थुरिंगियाच्या सरकारी बँकेने हे काम बाउहाउसकडे दिले आणि ते आले बायरकडे. वय वर्षे तेवीस. नोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? राजाचा किंवा पुढाऱ्याचा मुखवटा, बारीक जाळीची नक्षी, महिरपी. तशी नक्षी खोदायला कारागिराला महिने लागतात, आणि ती खोदायची कशासाठी, तर कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून. इथे महिने कुठले? आणि नक्कल करणाऱ्याला तरी कागद-शाई परवडली असती की नाही, शंकाच आहे. बायरने नक्षी सगळी काढून टाकली. राहिले काय? रंगीत जमीन, छापखान्यातल्या पेटीतले जाड, बिनशेपटीचे खिळे, आडव्या-उभ्या पट्ट्या आणि मोठा ठळक आकडा. दहा लाख मार्क. वीस लाख मार्क. घाईत असलेल्या माणसाला हातभर अंतरावरून वाचता यावे, एवढाच हिशेब. जुन्या वळणाच्या माणसाला ही नोट जत्रेतल्या तिकिटासारखी वाटली असेल. पण मला विचाराल तर तिच्याइतकी प्रामाणिक नोट क्वचितच निघाली असेल. मोठेपणाचा कसलाही आव तिने आणला नाही.

आणि या कलाकृतीचे आयुष्य किती? बाजारात येईपर्यंतच तिच्याहून फार मोठ्या रकमांच्या नोटा लागू लागल्या होत्या. नोव्हेंबरात डॉलरचा भाव चार लाख वीस हजार कोटी मार्कांवर गेला. म्हणजे एक डॉलर घ्यायचा तर बायरच्या दहा लाखांच्या बेचाळीस लाख नोटा मोजाव्या लागल्या असत्या. त्याच महिन्यात नवे चलन आले आणि जुन्या नोटांचे निव्वळ कागद झाले. विद्यार्थ्याचे काम रद्दीत जाते हे आपण नेहमी पाहतो. पण असे, सबंध राष्ट्राच्या हातून गेलेले काम विरळा.

मध्यंतरी बायर इटलीत भटकून आला. पोटासाठी घरे रंगवली. परतल्यावर १९२४ साली त्याने काही कल्पनाचित्रे काढली : वर्तमानपत्रांची टपरी, ट्रामचा थांबा, चित्रपटगृह. एक मांडव एका टूथपेस्टसाठी होता. त्यावर चित्रपट दाखवायचा, कर्ण्यातून आवाज सोडायचा आणि धुराने मालाचे नाव आकाशात लिहायचे! यांतले काही उभे राहिले नाही. पण आजच्या कुठल्याही मोठ्या चौकात संध्याकाळी उभे राहून पाहा, त्या पोराने वेड्यासारखे काही काढले होते असे तुम्ही म्हणणार नाही.

इकडे राजकारण फिरले होते. १९२४ च्या निवडणुकीत उजव्या पक्षांचे बळ वाढले, शाळेचे अनुदान कापले गेले, आणि १९२५ साली शाळा देसाऊ शहरी हलली. तिथे ग्रोपिअसनी बायरलाच छपाई आणि जाहिरात या नव्या कार्यशाळेचा प्रमुख केले. कालचा विद्यार्थी आज मास्तर झाला. मास्तर होताच त्याने मोठ्या लिपीवर हत्यार उपसले. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे, थोरले आणि धाकटे. जर्मनीत तर प्रत्येक नामाचे पहिले अक्षर थोरले. बायर म्हणाला, बोलताना आपण थोरला 'ए' आणि धाकटा 'ए' असा आवाज काढतो का? मग छापताना दोन खिळे कशाला? थोरली अक्षरे बंद. शाळेच्या पत्राच्या कागदावर तशी सूचनाच छापली गेली.

हा वाद वाचताना मराठी माणसाला गंमत वाटते. आपल्या देवनागरीत थोरले-धाकटे मुळी नाहीच. रामही त्याच 'र'चा आणि रस्ताही त्याच 'र'चा. मात्र आपल्या कंपोझिटरचे सुख तिथेच संपते. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून त्याच्यापुढे खिळ्यांची जी फौज उभी असे, ती पाहून बायरने कपाळाला हात लावला असता. खिळे कमी करावेत म्हणून आपल्याकडेही त्या सुमारास 'अ'च्या बाराखडीची चळवळ झालीच की. तिचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. बायरचेही फार वेगळे झाले नाही. कंपास आणि पट्टीने आखलेली त्याची एकरूप वर्णमाला त्या काळी खिळ्यांत ओतली गेलीच नाही. आणि देसाऊच्या नव्या इमारतीवर शाळेचे नाव उभे लिहायची वेळ आली तेव्हा याच गृहस्थाने ते सगळे थोरल्या अक्षरांत लिहिले! आजही तिथे ते तसेच आहे.

१९२८ साली त्याने शाळा सोडली आणि बर्लिनमध्ये जाहिरातीच्या धंद्यात नाव काढले. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी नाझी राजवटीने भरवलेल्या 'डॉइचलँड' प्रदर्शनाची पुस्तिका त्याने सजवली. काम नेहमीप्रमाणेच सफाईदार होते. पुढच्याच वर्षी त्याच राजवटीने 'अधःपतित कला' म्हणून जी चित्रे लोकांना हिणवायला मांडली त्यांत बायरचेही एक चित्र होते. १९३८ साली तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बाउहाउसचे प्रदर्शन त्यानेच मांडले. १९८५ साली तिकडेच वारला. वायमारच्या जिन्यातली वर्तुळ-चौकोनाची चित्रे पुढे पुन्हा रंगवून काढली आहेत, ती पाहता येतात. आणि पाव डॉलरलाही महाग असलेल्या त्याच्या नोटा न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने जपून ठेवल्या आहेत.