वीस मिनिटांचा दंडक आणि बनारसची ठुमरी

जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांत एक दंडक आता शास्त्रवचनासारखा सांगितला जातो: एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत भरले की आवाज बिघडलाच. रेकॉर्ड हातात आली की आधी कव्हरवरची मिनिटे मोजायची आणि आकडा सव्वीस-अठ्ठावीस दिसला की ती ऐकण्याआधीच नापास करायची. बनारसची ठुमरी, शहनाई आणि तबला यांच्या रेकॉर्डींनाही हाच दंडक सरसकट लावला जातो. या मतात सत्याचा अंश आहे, पण कारण म्हणून त्यात जे पुढे केले जाते ते खरे कारण नव्हे.

विषय काशीच्या संगीताचा असल्यामुळे शास्त्रार्थाची रीत पाळून आधी पूर्वपक्ष मांडतो. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि तिच्यावर ध्वनी कोरायला साधारण ८५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. वीस मिनिटांत ६६७ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला ०.१३ मिलिमीटरच्या आसपास जागा येते. तीस मिनिटे भरायची तर फेरे हजार होतात आणि तीच जागा ०.०९ मिलिमीटरच्या खाली उतरते. खाच दोन्ही बाजूंना हेलकावते ती ध्वनीच्या जोरानुसार. शेजारच्या खाचेला धक्का लागू नये म्हणून मग कोरणारा पातळी कमी करतो किंवा खर्जातला स्वर आवरतो. पातळी कमी झाली की तबकडीची खरखर तुलनेने वाढते. अमेरिकी रॉक संगीतकार टॉड रंडग्रेनच्या १९७५ च्या ‘इनिशिएशन’ या एलपीमध्ये दोन बाजूंवर तासाहून बरेच अधिक संगीत कोंबले होते आणि ध्वनीवर त्याचा परिणाम होईल, अशी सूचना खुद्द रेकॉर्डीसोबतच छापली होती. पूर्वपक्षाच्या हाती याहून भक्कम साक्षीदार नाही.

आता उत्तरपक्ष. पहिला आक्षेप इतिहासाचा. लांबी हेच बिघाडाचे कारण असते, तर सगळ्यात आखूड रेकॉर्ड सगळ्यात सुरेल ठरली असती. बालपणीची काही वर्षे बनारसमध्ये घालवलेल्या गौहर जानचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. पुढे रसूलनबाई आणि सिद्धेश्वरीदेवी याही ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गायल्या. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. ती लाखेपासून बनत असे, आणि बनारसशेजारचे मिर्झापूर हे लाखेच्या व्यापाराचे मोठे ठिकाण होते. पण लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असल्यामुळे तबकडीची खरखर मोठी होती. त्या खरखरीवर मात करायला खाच रुंद आणि आवाज जोरात कोरावा लागे. १९४८ मध्ये कोलंबियाने व्हिनाइलची एलपी आणली. नवा पदार्थ शांत होता, म्हणून खाच बारीक करता आली. एका बाजूचा वेळ पाच-सहा पटींनी वाढला आणि ध्वनी मात्र अधिक स्वच्छ झाला. वेळ आणि गुणवत्ता यांचे नाते उलटे असते, तर हे घडलेच नसते.

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष उदाहरणाचा. बनारसमध्ये जन्मलेल्या रविशंकरांची ‘थ्री रागाज’ ही एलपी १९५६ ची. तिच्या एका अख्ख्या बाजूवर राग जोग आहे, सुमारे अठ्ठावीस मिनिटांचा. दंडक खरा मानला तर ही बाजू ऐकण्याच्या लायकीची नसायला हवी. प्रत्यक्षात भारतीय संगीत पश्चिमेकडे पोहोचवणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या रेकॉर्डींत ती गणली जाते. मोनो रेकॉर्डमध्ये सुईची हालचाल फक्त आडवी असते आणि स्टीरिओप्रमाणे खाच खोल-उथळ होत नाही, त्यामुळे जागेचा हिशेब सोपा जातो. शिवाय सतारीत डोलारा हलवणारा खर्ज फारसा नसतो. एरवीही खाचांमधले अंतर सर्वत्र सारखे ठेवावे लागत नाही. १९५० च्या दशकात ते बदलते ठेवण्याचे तंत्र रुळले. टेपवरचे एक जादा हेड संगीत थोडे आधी वाचते. पुढे शांत आलाप असेल तर खाचा जवळ येतात, जोराचा भाग असेल तर दूर जातात. म्हणजे जागा खातो तो ध्वनीचा जोर आणि त्यातला खर्ज. घड्याळाचा काटा जागा खात नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या संगीताच्या घडणीतून येतो. तबकडी एका गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच एका वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला तो वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ २१ च्या आसपास. दहा हजार हर्ट्झच्या स्वराची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन जागा घेते, आत तीच लहर २१ मायक्रॉनमध्ये दाबली जाते. सुईचे टोक तिला नीट स्पर्श करू शकत नाही आणि तीव्र स्वर फाटतात. आता बनारसची ठुमरी पाहा. बोल-बनाव संथ लयीत चालतो आणि शेवटी तबल्यावर लग्गी सुरू होते, दुगुणीत, चाटेवरच्या तीक्ष्ण बोलांनी. वाद्यसंगीतात ‘झाला’ हा द्रुत भाग शेवटी येतो. म्हणजे आपल्या संगीताचा सर्वांत धारदार भाग, बाजू आतपर्यंत कोरलेली असली, की तबकडीच्या सर्वांत दुबळ्या जागी पडतो.

याची परीक्षा कोणालाही घरी करता येईल. एका बाजूवर दोन-तीन ठुमऱ्या असलेली एलपी घ्या. पहिल्या ठुमरीची लग्गी आणि शेवटच्या ठुमरीची लग्गी लागोपाठ ऐका. बाजू एकच, तिची एकूण मिनिटेही तीच. फरक दिसला तर तो लांबीचा असूच शकत नाही. कोरणाऱ्याने पातळी चढवून पंधरा मिनिटांची बाजूही लेबलापर्यंत ताणली, तर तिच्या शेवटाला हाच दोष येईल.

चौथा मुद्दा वाद्यांचा. बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईला परंपरेने साथ खुर्दक या लहान तालवाद्याची, त्यामुळे खर्ज थोडा. अशी बाजू लांबली तरी जागेची ओढाताण होत नाही. मात्र शहनाईचा स्वर वरच्या उपस्वरांनी भरलेला असल्यामुळे लेबलाजवळ तोच आधी कर्कश होतो. उलट किशन महाराजांच्या बनारस बाजातला खुला, पखावजी वळणाचा डग्गा जागा मागतो. स्वतंत्र तबलावादनाच्या रेकॉर्डला वीस मिनिटांचा दंडक लावा, माझी हरकत नाही. पण एकच आकडा शहनाईला आणि डग्ग्याला लावणे हे अज्ञान आहे.

दंडकाचे भक्त आता उपायही सुचवतात: ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्या करा. वेग ३५ टक्क्यांनी वाढतो हे खरे, पण एका बाजूवर दहा-बारा मिनिटेच चांगली बसतात. अठ्ठावीस मिनिटांच्या जोगचे तीन तुकडे होतील आणि ऐकणारा आलापाच्या मध्यावर उठून तबकडी उलटत बसेल. ध्वनीचा एक दोष काढायला रागाचा बांधा मोडणे हा कसला सौदा?

पूर्वपक्षाला द्यायचे ते देतो. लांब बाजूची पातळी कमी असते, आणि आलापाच्या शांततेत, जिथे तंबोराच काय तो बोलत असतो, खरखर अधिक जाणवते. हे मोल खरे आहे, पण ते आवाज थोडा वाढवून आणि तबकडी स्वच्छ ठेवून बरेचसे चुकवता येते. झिजलेल्या सुईने किंवा चुकीच्या कोनात बसवलेल्या कार्ट्रिजने लेबलाजवळचा दोष कितीतरी वाढतो. त्याचे खापरही पुष्कळदा मिनिटांवर फोडले जाते.

तेव्हा रेकॉर्ड घेताना कव्हरवरच्या आकड्यावर विसंबू नका. शेवटची खाच लेबलाच्या किती जवळ गेली आहे ते उजेडात धरून पाहा, वाद्य कोणते आहे ते पाहा, आणि शक्य असेल तर शेवटची तीन मिनिटे ऐकून मगच निकाल द्या. लांबी हा फार तर संशयाचा आधार आहे, दोषाचा पुरावा नव्हे.