तबकडी, थाळी आणि एक श्रुती

नागपूरच्या दक्षिणेला असलेले हुडकेश्वर एकेकाळी गाव होते, आता ते शहराचा भाग आहे. अशा वस्तीत एखाद्या घराच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डची पेटी सापडते, आणि घरातला जुना प्लेअर बदलून चांगले टर्नटेबल आणावे असा विचार सुरू होतो. टर्नटेबल बदलले म्हणजे नेमके काय सुधारते? आणि काय सुधारत नाही? दुकानदाराला विचारण्यापूर्वी हा प्रश्न आपण इतिहासाला विचारून पाहू.

लाखेची तबकडी

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची कल्पना मांडली. एका साच्यातून शेकडो प्रती छापता येऊ लागल्या आणि नळकांडे मागे पडले. या तबकडीचा बांधा होता लाखेचा : दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. लाख म्हणजे एका किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर या झाडांवर तो वाढतो. पूर्व विदर्भातील गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलांत लाख आजही काढली जाते.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला. गौहर जानसह अनेक कलावंतांचे गाणे त्याने मेणावर उतरवले. ही मुद्रणे छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या होऊन परत येत. लाख भारतातली, गाणे भारतातले, कारखाना मात्र समुद्रापार! कलकत्त्यात सियालदाहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. पुढे १९३५ च्या सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’ या नावाने देशी तबकड्या निघू लागल्या.

चावी, चाक, पट्टा

थाळी एकसारख्या वेगाने फिरली पाहिजे, ही यंत्राची पहिली अट. चावीच्या ग्रामोफोनमध्ये स्प्रिंग सुटत जाते तसा तिचा जोर कमी होतो, तरी थाळीचा वेग टिकतो. कसा? आत तीन छोटी वजने फिरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक चकती घर्षणाच्या गादीवर दाबली जाते. वेग घटला की दाब सैल होतो. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला लावलेल्या नियामकाचेच हे धाकटे भावंड. वीज नसलेल्या खेड्यांतही ग्रामोफोन वाजला तो याच्या जोरावर.

विजेची मोटर आली तेव्हा ती रबराच्या चाकामार्फत थाळी फिरवू लागली. ताकद भरपूर होती, पण मोटरची थरथर थेट सुईपर्यंत पोहोचे. शिवाय यंत्र बरेच दिवस बंद राहिले की चाकावर चपटा डाग पडे आणि दर फेऱ्याला एक हिसका बसे. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी रबरी पट्ट्याचे स्वस्त आणि शांत टर्नटेबल लोकप्रिय केले. पट्टा थरथर गिळतो आणि जड थाळीचे जडत्व उरलेले चढउतार सपाट करते. १९७० च्या सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीने मोटर थेट थाळीच्या आसालाच जोडली.

एक टक्का म्हणजे किती?

महाराष्ट्रात या वेगाला वेगळेच महत्त्व आहे. १९१० साली सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. न्यायाधीश क्लेमंट्स आणि गायक अब्दुल करीम खाँ यांचीही त्यांना साथ होती. पुढे मिरजेत स्थिरावलेल्या या गायकाचे गाणे तबकड्यांवर उपलब्ध आहे. मग तबकडीवरून श्रुती मोजता येतील का?

सर्वांत लहान श्रुतीचे गुणोत्तर ८१:८० मानतात, म्हणजे १.२५ टक्के फरक. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेरे फिरली तर सर्व स्वर सुमारे १.२८ टक्क्यांनी चढतात, म्हणजे जवळजवळ एक श्रुती! पण येथे घाई करू नये. सगळेच स्वर सारख्याच पटीने चढले तर त्यांची आपसातली गुणोत्तरे बदलत नाहीत. षड्ज हलतो, श्रुती हलत नाहीत. गायकाची पट्टी कोणती, हे मात्र चुकीचे कळते. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर कोरलेल्या नसत, म्हणून हा प्रश्न खराखुरा आहे.

धोका आहे तो डोलणाऱ्या वेगाचा. समजा तबकडीचे भोक मध्यापासून १ मिलिमीटर सरकलेले आहे. १०० मिलिमीटर त्रिज्येवरच्या खाचेत सुईखालचा वेग दर फेऱ्यात १ टक्का वाढेल आणि १ टक्का घटेल. एकूण २ टक्के, म्हणजे एका श्रुतीहून जास्त. कितीही महाग टर्नटेबल घेतले तरी हा दोष जात नाही, कारण तो यंत्राचा नाही, तबकडीचा आहे. मोजणाऱ्याने आधी हे दोन दोष वेगळे केले पाहिजेत.

सुईचे ओझे

पोलादी सुईच्या काळात खाचेवर १०० ग्रॅमहून अधिक भार असे आणि प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी लागे. १९४८ मध्ये व्हिनाइलची लाँगप्ले तबकडी आली. तिची खाच बारीक आणि वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. आज चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजचा भार २ ग्रॅमच्या आसपास असतो. पण लाँगप्लेची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. त्यासाठी सुमारे तिप्पट जाड टोकाची वेगळी सुई लागते. अनेक नव्या टर्नटेबलांना ७८ चा वेगच नसतो. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजऐवजी चुंबकीय घेतले तर वेगळा फोनो प्रवर्धकही हवा. नाहीतर आवाज किरटा येतो, कारण मुद्रण करताना खर्ज दाबलेला असतो आणि तो परत उचलावा लागतो.

वर्गात करून पाहा

कागदाच्या चकतीच्या कडेवर समान अंतरावर १८० काळ्या रेघा काढा आणि ती ३३⅓ वर फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून निऑनचा छोटा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्याच्या उजेडात रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ साठी ७७ रेघा पुरतात. का, ते विद्यार्थ्यांनी ६००० ला भागून शोधावे.

आणि माळ्यावरची पेटी? यंत्र पुन्हा विकत मिळेल, घासलेली खाच मिळणार नाही. म्हणून खर्चाचा क्रम असा असावा, असे आम्हांला वाटते : आधी योग्य सुई, मग स्थिर वेग, बाकी सारे नंतर. तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि लेबलाजवळ कोरलेले क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. त्यांपैकी एखादी तबकडी त्या गाण्याची शेवटची प्रतही असू शकते.