पोतेरे आणि नक्षीची फरशी

रायगड 1981 पर्यंत कुलाबा जिल्हा होता. त्याच कुलाब्यात, उरणला, 1922 साली सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला. विलायती फरशीला ते स्वदेशी उत्तर होते. ही फरशी भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात.

आमच्या घरी अशी नक्षीची फरशी आजोबांच्या बोटीवरच्या कमाईतून आली. तोवर जमीन सारवलेली असे. शाफई मसलकात शेण नापाक, म्हणून नमाजाला नानी चटई अंथरी. फरशी आली, सारवण सुटले. वाकणे काही सुटले नाही. स्वदेशीच्या धड्यात कारखानदार येतात, पोतेरे फिरवणारी बाई येत नाही. मी स्वतः तो धडा तसाच शिकवत आलो.

अ‍ॅसिड सिमेंट खाते, साबणाचा थर बसतो. म्हणून साधे पाणी आणि घट्ट पिळलेले फडके. पावसाळ्यात ते वाळेना, मग कुबट वास फरशीभर पसरे. नानी ते वेगळ्या बादलीत खळबळून चुलीवरच्या काठीला टाकी.

ओटीवरचा लाल रंग अजून गडद आहे. मोरीच्या उंबऱ्याशी, जिथे बसून ती फडके पिळायची, तिथली नक्षी तेवढी झिजली आहे.