सागवान आणि शेजार

पंचवटींतील जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि नक्षीदार चौकटी पाहिल्या म्हणजे सागवानाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाहीं. सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें वाळवी त्याला सहसा शिवत नाहीं, व पाण्यानेंहि तो फारसा फुगत नाहीं. परंतु ह्या गुणांमुळेंच सागाचीं रानें बाळगणाऱ्या राज्यांवर कोणते प्रसंग ओढवले, तें आज पाहावयाचें आहे.

नाशिककरांना साग दूरचा नव्हता. पंचवटींतून निघणारी वाट पेठकडे जाते. त्या बाजूसच सुरगाणा आणि पलीकडे डांग. बैलगाडीच्या काळीं जड ओंडके लांबून आणणें परवडण्यासारखें नव्हतें. गरज घरांपुरती, म्हणून तोडहि बेताची. मागणीचें मान पालटलें तें समुद्रामुळें. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत मलबारी सागाचीं जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

मलबारचीं रानें विरळ होऊं लागलीं तेव्हां खरेदीदारांची दृष्टि इतरत्र वळली. १८४२ सालीं इंग्रजांनीं डांगचीं रानें तेथील भिल्ल राजांकडून वार्षिक रकमेच्या बोलीवर पट्ट्यानें घेतलीं. राजे राहिले, कुऱ्हाड मात्र कंपनीची झाली. आज गुजरातेंत असलेल्या त्या डांगांत, आहवा येथील दरबारांत, राजांच्या वंशजांस सालोसाल मानधन मिळतें, तें ह्या जुन्या व्यवहाराचीच आठवण होय.

ब्रह्मदेशांत हाच व्यवहार शस्त्रानें पुरा झाला. तेनासरीम १८२६ त व पेगू १८५२ त इंग्रजांकडे गेले. दोन्हीकडे सागाचीं उत्तम रानें होतीं. १८६३ सालीं मुंबईस 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली. तिनें उत्तर ब्रह्मदेशांत राजाच्या परवान्यानें तोड चालविली. ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजभाग चुकविल्याचा आरोप ठेवून मंडालेच्या दरबारानें १८८५ सालीं तिला सुमारें २३ लक्ष रुपये दंड केला. फ्रेंचांच्या शिरकावाची धास्ती इंग्रजांस होतीच. दंडाचें निमित्त मिळालें. नोव्हेंबरांत युद्ध सुरू होऊन पंधरवड्यांत मंडाले पडलें. थिबा राजास रत्नागिरीस ठेवण्यांत आलें, आणि तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला.

डांगांत करारानें जें साधलें, तें ब्रह्मदेशांत सैन्यानें साधलें. धन्यानें अटी घालाव्या, हें खरेदीदारास दोन्हीकडे रुचलें नाहीं. पुढें १ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला, आणि घरचा व्यापार परदेशचा बनला. १९४२ च्या जपानी स्वारीनें तोहि तुटला. १९४८ सालीं तो देश स्वतंत्र झाला, व रानाचा धनी पुन्हा धनी झाला. १ एप्रिल २०१४ पासून तेथील सरकारनें अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हां भारतीय वखारवाल्यांना आफ्रिका व दक्षिण अमेरिकेंतील लागवडीच्या सागाकडे अधिक वळावें लागलें.

ह्यावेळीं नकाराचें उत्तर युद्धानें दिलें गेलें नाहीं, हा मोठाच पालट होय. दुसरा मार्गहि नवा नाहीं : १८४० नंतरच्या दशकांत मलबारचे कलेक्टर कॉनोली व त्यांचे सहायक चातू मेनन यांनीं नीलांबूर येथें साग लावला, तो आजहि उभा आहे. शेजाऱ्याचें लांकूड अवश्य घ्यावें. परंतु न विकण्याचा त्याचा हक्क मान्य करून, आणि आपल्या भुईंत रोप लावून.