लंडन ते पॅरिस : आगगाडी कीं विमान ?

युरोपांतील एका शहराहून दुसऱ्या शहरीं जावयाचें तर आगगाडीनें जावें कीं विमानानें, हा प्रश्न अलीकडे हवामानाच्या चर्चेमुळें पुन्हा ऐरणीवर आला आहे. जो तो आपापला हिशेब मांडतो : तास इतके, भाडें इतकें, कर्बवायु इतका. जणूं कांहीं दोन वस्तु दुकानांत शेजारीं शेजारीं मांडून ठेविल्या आहेत, आणि गिऱ्हाइकानें मनास येईल ती उचलावी ! आमच्या मतें ही समजूत अपुरी आहे. उतारू निवड करतो हें खरें. परंतु त्याच्यापुढें कोणते पर्याय यावे व ते किती महाग पडावे, हें त्याच्या आधींच तहांनीं, करांनीं, सरकारी तिजोऱ्यांनीं आणि प्रसंगीं सेनापतींच्या भयानेंही ठरवून टाकलेलें असतें. लंडन व पॅरिस या दोन राजधान्यांमधील शंभर वर्षांची हकीकत या गोष्टीस चांगली साक्ष देते. म्हणून मुख्यतः तिचाच विचार येथें करावयाचें आम्ही योजिलें आहे.

२५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनच्या पश्चिमेस हौन्स्लो हीथ नांवाच्या मैदानावरून एक लहानसें विमान पॅरिसजवळच्या ल बूर्जेकडे निघालें. मूळचें तें महायुद्धांतील बाँबफेक्या जातीचें; त्यांत थोडा फेरफार करून माणसें बसण्याची सोय केलेली. वैमानिक लॉफर्ड, उतारू एकच, तोही वर्तमानपत्राचा बातमीदार. आणि सामान म्हणजे कांहीं वर्तमानपत्रें, चामडें, डेव्हनशायरची साय व शिकारीचे पक्षी. अडीच तासांच्या आसपास हा सगळा संसार ल बूर्जेस पोहोंचला. दोन देशांमधील रोजच्या नियमित विमान-वाहतुकीचा आरंभ सामान्यतः या उड्डाणापासून धरतात. भाडें एका बाजूस २१ पौंड, म्हणजे साध्या कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी होती. आगगाडी व आगबोट मिळून हाच प्रवास त्या वेळीं सात-आठ तासांचा होता. त्यांत डोव्हर अथवा फोकस्टन येथें गाडी सोडून बोटीवर चढावें, इंग्लिश खाडीच्या लाटांनीं पोट ढवळून घ्यावें, आणि पलीकडे कॅले किंवा बूलोन येथें पुन्हा गाडींत बसावें, असा क्रम असे.

केवळ घड्याळ पाहिलें तर विमानाचाच विजय झाला असें कोणीही म्हणेल. पण त्या काळच्या विमानाचें घड्याळ भरंवशाचें नव्हतें. इंजिन वाटेंत बंद पडे, धुकें दाटे, आणि केंटमधील किंवा उत्तर फ्रान्समधील एखाद्या शेतांत विमान उतरवून उतारूंना जवळच्या स्टेशनाची वाट धरावी लागे. इतकेंच नव्हे, तर विमानास स्वतःची वाटही बहुधा रेल्वेच दाखवीत असे. खालच्या रुळांवर नजर ठेवून उडावयाचें, हीच तेव्हांची मार्ग काढण्याची रीत होती. इंग्लंडांत या वाटेवरील कांहीं स्टेशनांच्या छपरांवर वैमानिकांस वाचतां यावीं म्हणून गांवांचीं नांवें मोठ्या अक्षरांत रंगविलीं होतीं. रुळांच्या आधारानें उडण्याच्या या पद्धतीस इंग्रज वैमानिकांनीं ‘ब्रॅडशॉइंग’ असें नांव ठेविलें होतें. ब्रॅडशॉ हें तिकडच्या रेल्वेच्या वेळापत्रकाचें नांव. जमिनीवरील खुणांना असें चिकटून राहण्यांत धोकाही होता. ७ एप्रिल १९२२ रोजीं पिकार्डींत धुक्यांतून एकाच वाटेनें समोरासमोर येणारीं दोन उतारू विमानें एकमेकांवर आदळलीं व सात माणसें दगावलीं. उतारू विमानांची आकाशांत झालेली ही पहिली टक्कर होय.

त्यानंतरचीं दहा-पंधरा वर्षें दोन्ही पक्षांनीं वेगापेक्षां थाटावरच अधिक भर दिला, हें आम्हांस मोठें मौजेचें वाटतें. १९२४ सालीं ब्रिटिश सरकारच्या आश्रयानें इंपीरियल एअरवेज ही कंपनी निघाली. तिनें १९२७ च्या मे महिन्यांत ‘सिल्व्हर विंग’ नांवाची फेरी सुरू केली आणि आकाशांत दुपारचें जेवण वाढावयास आरंभ केला. १९३१ पासून तिचीं चार इंजिनांचीं हँडली पेज विमानें या वाटेवर आलीं. तीं तासाला जेमतेम शंभर मैल जात. पण आंतली बैठक मात्र एखाद्या उंची आगगाडीच्या डब्यासारखी होती. ती मुद्दामच तशी केली होती, कारण उतारूला जमीन सोडल्याची जाणीव होऊं नये हाच तीमागील हेतु. रेल्वेवाल्यांनींही कंबर कसली. फ्रान्सच्या बाजूस १९२६ सालीं ‘फ्लेश दोर’ म्हणजे सोन्याचा बाण ही पुलमन डब्यांची गाडी सुरू झाली. १९२९ च्या मे महिन्यांत इंग्लंडच्या बाजूस त्याच नांवाची ‘गोल्डन ॲरो’ निघाली, व मधल्या पाण्यासाठीं ‘कँटरबरी’ ही खास आगबोट ठेवण्यांत आली. सारा प्रवास आतां सुमारें साडेसहा तासांवर आला.

याहून नवलाची गोष्ट १९३६ च्या ऑक्टोबरांत घडली. त्या महिन्यापासून झोपण्याचे डबे लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनांतून निघून डोव्हरला सबंधच्या सबंध बोटीच्या पोटांत शिरत, डंकर्कला पुन्हा रुळांवर येत आणि सकाळीं पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनांत उभे राहत. ‘नाइट फेरी’ हें या गाडीचें नांव. बिछाना न सोडतां समुद्र ओलांडण्याची ही सोय खरी. मात्र डबे बोटीवर जखडतांना सांखळ्यांचा जो खणखणाट होई, त्यानें कित्येकांची झोप उडत असे.

हा सर्व इतिहास परक्यांचा, आपल्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. म्हणून येथें थोडें विषयांतर करतों. १९२९ च्या मार्चअखेर इंपीरियल एअरवेजनें लंडन ते कराची अशी हिंदुस्थानची हवाई वाट उघडली. लंडनहून स्वित्झर्लंडांतील बाझलपर्यंत विमान. तेथून आल्प्स पर्वत ओलांडून इटलींतील जिनोव्हापर्यंत आगगाडी. तेथून अलेक्झांड्रियापर्यंत समुद्रावर उतरणारें विमान. कैरोपर्यंत पुन्हा आगगाडी. आणि तेथून कराचीपर्यंत विमान : असा सात दिवसांचा तो प्रवास होता. नांव हवाई मार्गाचें, पण दोन मोठे टप्पे रुळांवरचे ! पुढें इटलीशीं उड्डाणाच्या हक्कांविषयीं बेबनाव झाला. वाट कांहीं काळ दुसरीकडून वळवावी लागली, आणि नंतर तर अनेक वर्षें हिंदुस्थानच्या उतारूंनीं लंडनहून पॅरिसला विमानानें यावें, पॅरिसहून इटलीच्या टोंकाशीं असलेल्या ब्रिंदिसीपर्यंत आगगाडींत बसावें, व तेथें पुन्हा विमानांत चढावें, अशी व्यवस्था होती. ब्रिंदिसीची ही रेल्वेची वाट नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचें विलायती टपाल याच बंदरावरून ये-जा करीत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जें टपाल विमानानें आणलें, तें याच लंडनच्या हवाई टपालाशीं जोडलेलें होतें. त्या उतारूंना आगगाडी कीं विमान असें कोणी विचारलेंच नाहीं. दोन सरकारांचें जमलें नाहीं, म्हणून त्यांनीं गाडींत रात्र काढली, एवढेंच.

आतां मूळ वाटेकडे वळूं. लंडन आणि पॅरिस यांमध्यें अडचण होती ती पाण्याची; बावीस-तेवीस मैलांचें तें पाणी नसतें तर विमानाला येथें इतका सोपा प्रवेश मिळाला नसता. तें पाणी खालून ओलांडण्याचा उद्योग विमानाच्या जन्मापूर्वींच झाला होता. सर एडवर्ड वॉटकिन या रेल्वेपुढाऱ्याच्या कंपनीनें १८८१-८२ त डोव्हरजवळ बोगदा खणावयास घेतला व एक मैलाहून अधिक खणलाही. फ्रेंच बाजूनेंही जवळजवळ तितकेंच काम झालें. मग सर गार्नेट वुल्स्ली प्रभृति सेनानींनीं ओरड केली कीं, या भुयारांतून एखादे दिवशीं फ्रेंच सैन्य इंग्लंडांत शिरेल. काम थांबलें. १९७३ सालीं तें पुन्हा निघालें, आणि १९७५ च्या जानेवारींत पैशाच्या अडचणीमुळें ब्रिटिश सरकारनें तें सोडून दिलें. म्हणजे जवळजवळ एक शतकभर लंडनच्या उतारूनें जी निवड केली, ती एक हात बांधून ठेवून केलेली होती असें म्हटलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे सामान्य प्रवाशाचें लक्ष जात नाहीं. १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें आंतरराष्ट्रीय विमान-वाहतुकीचा करार झाला. परदेशीं उतरलेल्या विमानाच्या टांकींत जें इंधन आधींचेंच असेल त्यावर कर घेऊं नये, असें त्याच्या २४ व्या कलमांत आहे. कलम एवढेंच; परंतु पुढें देशोदेशींच्या आपसांतील करारांनीं तीच सूट नव्यानें भरलेल्या इंधनासही दिली, आणि युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानेंही व्यापारी विमानांचें इंधन सामान्यतः करमुक्तच ठेविलें. उलट जर्मनींत २०१९ अखेरपर्यंत दूरच्या पल्ल्याच्या रेल्वे-तिकिटावर १९ टक्के मूल्यवर्धित कर होता. परदेशच्या विमान-तिकिटावर तो मुळींच नव्हता. याशिवाय आगगाडीस रुळांच्या वापराचें भाडें द्यावें लागतें. आकाशाला रूळ नाहींत. नव्या रेल्वेमार्गांवर सरकारांनीं अपार पैसा ओतला आहे, ही विमानवाल्यांची तक्रार अगदींच खोटी नाहीं. पण विमानतळही कांहीं आपोआप उगवले नाहींत.

या परिस्थितींत रेल्वेची पीछेहाट व्हावी यांत आश्चर्य नाहीं. १९५७ सालीं हॉलंडच्या रेल्वेचे प्रमुख डेन हॉलंडर यांच्या कल्पनेवरून ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ नांवाच्या केवळ पहिल्या वर्गाच्या गाड्या सुरू झाल्या. व्यापारी लोक विमानाकडे जात होते, त्यांस परत आणणें हा त्यांचा उद्देश. मुख्य भूमीवर त्यांचें कांहीं काळ बरें चाललें. खाडीच्या वाटेवर मात्र जेट विमानांपुढें कोणाचाच टिकाव लागेना. ‘गोल्डन ॲरो’ १९७२ च्या सप्टेंबरांत बंद झाली. ‘नाइट फेरी’नें १९८० च्या ऑक्टोबरअखेर शेवटची रात्र पाहिली.

पारडें फिरलें तें फ्रान्सच्या टी. जी. व्ही. गाडीमुळें. १९८१ च्या सप्टेंबरांत पॅरिस-लिऑं हा वेगवान मार्ग अंशतः खुला झाला. १९८३ त तो पुरा होतांच सव्वाचारशें किलोमीटरांचा प्रवास दोन तासांवर आला, आणि त्या दोन शहरांमधील विमानांचे उतारू ओसरले. तेव्हांपासून वाहतूकशास्त्रज्ञांत एक ठोकताळा रूढ झाला : गाडीचा प्रवास तीन तासांच्या आंत असेल तर बहुतेक लोक गाडींत बसतात. माद्रिद-बार्सेलोनाचा अनुभव हेंच सांगतो. तेथें १९७४ पासून आयबेरिया कंपनीचा ‘हवाई पूल’ चालूं होता, व ती वाट जगांतील सर्वांत गजबजलेल्या हवाई वाटांपैकीं एक होती. फेब्रुवारी २००८ मध्यें ६२१ किलोमीटरांचा नवा रेल्वेमार्ग पुरा होऊन प्रवास सुमारें अडीच तासांचा झाला, आणि कांहीं वर्षांतच बहुसंख्य उतारू गाडीकडे वळले.

लंडनला हें भाग्य ६ मे १९९४ रोजीं लाभलें. १९८६ च्या कँटरबरीच्या तहान्वयें खणलेला, पन्नास किलोमीटरांहून थोडा लांब बोगदा त्या दिवशीं राणी एलिझाबेथ व अध्यक्ष मितेराँ यांनीं उघडला. सरकारचा पैसा लावावयाचा नाहीं या मार्गारेट थॅचर यांच्या हट्टामुळें तो खासगी भांडवलावर बांधला गेला, खर्च अंदाजाच्या पुष्कळच पलीकडे गेला, आणि हजारों लहान भागधारकांचे हात पोळले. नोव्हेंबरांत ‘युरोस्टार’ गाड्या सुरू झाल्या. गंमत अशी कीं, फ्रान्समध्यें तासाला ३०० किलोमीटर धांवणारी ही गाडी केंटमध्यें जुन्या उपनगरी रुळांवर रांगत असे. नोव्हेंबर २००७ मध्यें इंग्रजांनींही आपला वेगवान मार्ग सेंट पँक्रसपर्यंत पुरा केला, आणि पॅरिस सव्वादोन तासांवर आलें. १९१९ च्या त्या पहिल्या विमानास याहून अधिक वेळ लागला होता ! बोगद्यामुळें विमानांचे बहुसंख्य उतारू गेले. तरी विमानें संपलीं नाहींत, कारण पुढें दूरदेशीं जाणाऱ्यास विमानतळावरच जावयाचें असतें.

इतक्यांत युरोपीय संघानें १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत हवाई वाहतुकीचा बाजार पायरीपायरीनें मोकळा केला, व रायनएअर आणि इझीजेट यांसारख्या स्वस्त कंपन्या भरभराटल्या. गाडीहून कमी भाड्यांत आकाशांतून जाणें शक्य झालें. सामान्य माणसाला ही मोठीच देणगी होती, आणि तिची हेटाळणी करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. फक्त तिकिटावर पॅरिस असें छापलेलें असून विमान ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर बोव्हे येथें उतरे, हें उतारूनें ध्यानांत ठेवावें लागे.

अलीकडे सरकारें पुन्हा निवडींत हात घालूं लागलीं आहेत. मे २०२३ मध्यें फ्रान्सनें, जेथें अडीच तासांच्या आंत गाडीनें जातां येतें अशा देशांतर्गत विमान-फेऱ्या मनाई केल्या. प्रत्यक्षांत ऑर्ली विमानतळाहून नांत, लिऑं व बोर्दो या तीनच वाटा तींत सांपडल्या, आणि त्याही एअर फ्रान्सनें २०२० मध्येंच सरकारी साहाय्याची अट म्हणून सोडल्या होत्या. कायद्याचा गाजावाजा फार, परिणाम थोडा. याहून जास्त बोलकी हकीकत रात्रीच्या गाड्यांची आहे. जर्मन रेल्वेनें आपल्या झोपण्याच्या गाड्या २०१६ च्या डिसेंबरांत बंद केल्या. त्यांतील कित्येक वाटा ऑस्ट्रियाच्या रेल्वेनें उचलल्या व ‘नाइटजेट’ नांवानें चालविल्या. डिसेंबर २०२१ मध्यें पॅरिस-व्हिएन्ना व दोन वर्षांनीं पॅरिस-बर्लिन या गाड्या सुरू झाल्या, तेव्हां वर्तमानपत्रांनीं त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें. गाड्यांस फ्रेंच सरकारचें साहाय्य होतें. २०२५ सालीं तें काढून घेण्यांत आलें, आणि त्या डिसेंबरांत ऑस्ट्रियाच्या रेल्वेनें दोन्ही गाड्या बंद केल्या.